तीन किलोंचा मांडव

नानांनी पिशवी हातावर तोलून पाहिली.
"एवढाच? पडदे मागून येतील का?"

पारोळ्यात सकाळीच चव्वेचाळीस होते,
म्हणून शहाद्यावरून घाट चढून आम्ही तोरणमाळला आलो,
दोघंच. बरोबर कळण्याच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी,
आणि ऐन लगीनसराईत रिकामे असलेले नाना.
दिवाळीतच विकून टाकलं होतं सगळं,
पाइप, कनाती, झालरी, तीनशे खुर्च्या,
'सुकदेव मंडप डेकोरेशन' ही पाटीसुद्धा.

मी सूचनांचा कागद वाचत होते,
ते जमीन वाचत होते.
टाच आपटत तळ्याकाठी फिरले.
"इथं मुरूम आहे, धरेल. तिथं पाणी येईल."
आभाळात पाण्याचं नाव नव्हतं.
खुंट्या पाहून मात्र हसले,
"यांनी तर कान कोरावेत."

साडेनऊच्या सुमारास सातपुड्यामागे
कुणी भरलेलं कपाट ओढत नेल्यासारखं वाजलं.
मग वारा, सागाची वाळकी पानं घेऊन.
मग गारा.
कापड आमच्या तोंडावर येऊन श्वास घ्यायला लागलं.

मी दोन्ही हातांनी काठी दाबून धरली,
जशी लहानपणी त्यांना धरताना पाहिलं होतं
एरंडोलच्या एका लग्नात.
त्या दिवशी अख्खा मांडव उठला
आणि शेजारच्या केळीत जाऊन पडला, झालरीसकट.
नाना खांबाला लोंबकळत होते,
जमिनीपासून वीतभर वर.
वऱ्हाडी हसले होते.
खांदा अजून थंडीत बोलतो.

"सोड," नाना म्हणाले.
मी सोडेना.
"सोड वं पोरी. तानी धरशी ते फाटी जाई."

आणि भाकरीचा डबा रिकामा करून
डोक्यावर पालथा घातला, बाहेर गेले.
विजेरी माझ्याकडेच राहिली होती.
गारा डब्यावर वाजत होत्या,
त्या आवाजावरून मला कळत होतं
ते कुठल्या कोपऱ्यावर आहेत:
आता मोहाकडे, आता दगडापाशी,
आता बराच वेळ कुठेच नाही,
मग पुन्हा टण्, टण्, माझ्या उशाशी.

आत आले ते काठ्या उपसूनच.
तंबू हळूहळू खाली बसला,
म्हैस बसते तसा, पुढून आधी.
"मांडव उभाच राहिला पाहिजे
असं लग्नात असतं," नाना म्हणाले,
"इथं कोण बघायला आलंय?"

आम्ही पडून राहिलो,
ओल्या नायलॉनची गोधडी नाकापर्यंत,
मध्ये उघड्या भाकरी.
वारा आमच्यावरून गेला
आणि त्याला धरायला काही सापडलं नाही.

कितीतरी वेळाने अंधारात म्हणाले,
"चाळीस वर्षं मांडव घातले.
आत कधी बसलो नाही."
मी काही बोलले नाही.
माझ्यावर अक्षता पडल्या तेव्हाही
ते मागच्या खांबाशी होते, हातात दोर.
आल्बममध्ये सगळे आहेत,
नाना एका फोटोच्या कडेला, कोपरापर्यंत.

"कसं वाटतं मग?" शेवटी विचारलं.
"ठेंगणा आहे," म्हणाले,
आणि घोरायला लागले.

सकाळी तळं असं पडलं होतं
की जणू रात्री दुसऱ्याच कुणाच्या घरी होतं.
गवतात अजून काही गारा, मळकट, हरभऱ्याएवढ्या.
नाना वाकड्या खुंट्या दगडावर ठोकून सरळ करत होते
आणि मोजत होते.
अकरा.
पुन्हा मोजल्या. अकरा.
"नाना, असू दे. दहा रुपयांची असेल."
ते तळ्याकाठी वाकून वाकून फिरत राहिले,
सामान मोजून आणायचं, मोजून न्यायचं.

मिळाली नाही.
मग करंजाची एक काडी तोडली,
खिशातल्या चाकूने टोक काढलं,
पिशवीत टाकली, दोरी आवळली.
"बारा," म्हणाले. "लिहून ठेव."